साडेनवाच्या अलीकडे, पलीकडे

डॉ. प्यो यांनी सो-दामच्या पोटावरचा पट्टा सैल केला, चार बोटं खाली सरकवला, पुन्हा आवळला आणि यंत्रातून सरकणाऱ्या कागदाकडे न बघता नुसते कान दिले. ठोके होते. मग मंदावले. मग सावरले, पण म्हातारा माणूस जिन्यावर सावरतो तसे, कठडा धरून.

"काय झालं?" पलंगाच्या उजव्या अंगाला बसलेल्या बोक-हुईने विचारलं. ही सो-दामची आई.

"काही नाही ना?" डाव्या अंगाच्या योन-ओकने विचारलं. ही सासू.

दोघी विहिणी सकाळपासून देवळाच्या द्वारपालांसारख्या दोन बाजूंना बसल्या होत्या. बोक-हुईच्या मांडीवर समुद्री शेवाळाच्या साराचा थर्मास होता. ते बाळंतिणीला पहिल्यांदा भरवायचं. योन-ओकच्या मांडीवरही शेवाळाच्या साराचा थर्मास होता. आपलं सार आधी पाजलं जावं यासाठी दोघी एकमेकींकडे न बघता टपून होत्या.

"पाणी गेलंय, आणि हिरवट आहे. बाळाने आतच शी केलीय," डॉ. प्यो म्हणाल्या. मग दाराशी उभ्या असलेल्या बांग सिस्टरकडे वळून त्यांनी फक्त मान हलवली. बांग सिस्टर इतकी वर्षं बरोबर होती की मान कुठल्या बाजूला किती हलली यावरून तिला कळायचं. ती शस्त्रक्रियागृहाकडे निघालीसुद्धा.

बाळ पायाळू होतं. त्यामुळे पोट उघडून काढायचं हे कधीच ठरलं होतं. ठरायची होती ती वेळ, आणि सांगजू गावात वेळ ठरवणं हे काही डॉक्टरचं काम नव्हे. वर्ष, महिना, दिवस आणि घटका हे माणसाच्या नशिबाचे चार खांब. त्यातले तीन आपल्या हातात नसले तरी चौथा हल्ली असतो, मग तो कोण सोडणार? बोक-हुईने बाजारातल्या गुक गुरुजींना विचारलं, त्यांनी सांगितलं, घोड्याची घटका. योन-ओक देगूला टीव्हीवर येणाऱ्या गुरुजींकडे गेली, त्यांनी सांगितलं, नागाची. दिवसाच्या बारा घटका, दोन-दोन तासांच्या, बारा प्राण्यांच्या नावाच्या, आणि त्यांत घोडा नागानंतर येतो. त्यावरून दोन घरांत बोलणं बंद झालं होतं.

कोंडी फोडली ती सो-दामच्या नवऱ्याने. जे-मून उल्सानच्या जहाज कारखान्यात होता, मोजमापाचा माणूस. त्याच्या लक्षात आलं की देशाचं घड्याळ लावलंय जपानच्या सूर्यावर आणि इथला सूर्य अर्धा तास मागं चालतो. गुक गुरुजी घड्याळ मानतात, देगूचे गुरुजी सूर्य मानतात. म्हणजे अकरा वाजले की गुक गुरुजींचा घोडा सुरू होतो, पण देगूकरांचा नाग साडेअकरापर्यंत हलत नाही. अकरा ते साडेअकरा या अर्ध्या तासात आकाशात घोडाही होता, नागही होता, आणि दोन्ही घरांत शांतता होती. लग्न झाल्यापासून बोक-हुईने जावयाला पहिल्यांदाच जवळ बसवून जेवू घातलं.

डॉ. प्यो यांनी अकराची वेळ दिली. द्यायला काहीच अडचण नव्हती. शस्त्रक्रियागृह अकराला मोकळं होतं, दहाला मोकळं होतं, आठवडाभर मोकळंच होतं. सांगजूत पर्सिमॉनची फळं पिकत, दोऱ्यांना टांगलेली सुकत, म्हातारी माणसंही पिकत आणि सुकत. मुलं तेवढी होत नव्हती. प्रसूती विभाग वर्षाअखेर बंद व्हायचा होता. डॉ. प्यो स्वतः साठीच्या उंबरठ्यावर होत्या. गुडघे तो ओलांडून पुढं गेले होते.

"आता थांबता येणार नाही," त्या म्हणाल्या. "चला, घेऊ या."

"डॉक्टरबाई, आत्ताशी नऊ वाजतायत," बोक-हुई म्हणाली.

"हो."

"ठरलंय अकराला."

"बाळाला कुणी कळवलेलं दिसत नाही."

बोक-हुईने विहिणीकडे पाहिलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा पाहिलं. योन-ओकनेही पाहिलं. आणि डॉ. प्यो यांच्या डोळ्यांदेखत दोन द्वारपाल एका दाराला येऊन मिळाले.

"थोडी कळ काढता नाही का येणार?" योन-ओक म्हणाली. "एवढं ठरवलंय सगळ्यांनी."

"सुई टोचून वगैरे?" बोक-हुई म्हणाली. "हल्ली काय काय निघालंय."

डॉ. प्यो यांनी पट्टा पुन्हा जागेवर बसवला. वाद घालायची त्यांची उमेद फार वर्षांपूर्वी सरली होती. एके काळी होती. त्या काळी शुभ दिवस आला की या विभागाबाहेर गाड्या लागत, आणि एका नागाच्या घटकेला तर त्यांनी तीन मुली काढल्या होत्या. एकच दिवस, एकच खोली, एकच हात. तिघींच्या खांबांत काडीचा फरक नाही. डॉ. प्यो या तिघींवर नजर ठेवून होत्या. एक औषधांचं दुकान चालवते, एकीचा दुसरा संसारही मोडला, तिसरी सोलला गेली ती आईचा फोन उचलत नाही. बोक-हुईचं बाजारात लोणच्या-भाज्यांचं दुकान होतं. तिथं मुळ्याचं लोणचं घेताना डॉ. प्यो यांनी एकदा हा पुरावा मोठ्या तयारीने तिच्यापुढं मांडला होता.

"आईबापांचं नशीब वेगवेगळं ना," बोक-हुई लोणचं डब्यात भरता भरता म्हणाली होती. "अजून थोडा कोबी देऊ?"

सो-दामच्या बाबतीतही तेच. सो-दामला याच खोलीत, याच हातांनी, गुक गुरुजींनी काढून दिलेल्या वेळेवर जन्माला घातलं होतं. गुरुजींचं भाकीत होतं की ही मुलगी पुढं असेल आणि लोक हिच्या मागं. बोक-हुईने त्याचा अर्थ मंत्रिपद असा लावला. सो-दाम मोठी झाली आणि गावची बस चालवू लागली. बोक-हुईचं दुकान चांगलं चाललेलं असेल त्या दिवशी ती गिऱ्हाइकांना सांगे, "खरं झालं की नाही? ही पुढं बसते, पन्नास माणसं मागं." आणि दुकान चालत नसेल त्या दिवशी म्हणे, "डॉक्टरबाईंनी दोन मिनिटं उशीर केला, नाहीतर आज कुठं असती माझी पोर." एका खिशात एक कारण, दुसऱ्या खिशात दुसरं. जगात काहीही घडलं तरी हिचा हात कुठल्या ना कुठल्या खिशात जायचाच. जो वाद कधी हरतच नाही त्याच्याशी माणसाने किती वर्षं भांडावं?

ठोके पुन्हा मंदावले. या वेळी सावरायला जास्त वेळ लागला. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

"सो-दाम," डॉ. प्यो पलंगाच्या कडेवर टेकल्या. "निर्णय तुझा आहे. या दोघींचा नाही."

सो-दामने ओठ चाटले. रात्रीपासून पाणी नव्हतं घेतलं. "अकरापर्यंत थांबलं तर काय होईल?"

"कदाचित काही होणार नाही. कदाचित बाळ जाईल. मला सांगता येत नाही, म्हणूनच थांबायचं नाही."

"बघा!" बोक-हुई म्हणाली. "यांची यांनाच खात्री नाही. गुरुजी कधी 'कदाचित' म्हणत नाहीत."

डॉ. प्यो यांनी डोळे मिटले आणि उघडले. हे वाक्य त्यांना त्यांच्या धंद्याची सर्वांत मोठी स्तुती वाटायला हवी होती. पण ठोक्यांच्या आवाजात स्तुती ऐकायला सवड नव्हती.

सो-दाम तर हसून 'काढा' म्हणेल असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. हिच्याइतकं या घटकांना विटलेलं माणूस गावात दुसरं नव्हतं. पण सो-दामने छताकडे पाहत सावकाश विचारलं, "आई हो म्हणतेय का? आणि अहो आई?"

"त्यांचं काय आहे मध्ये?"

"तुम्हाला माहीत नाही डॉक्टर. मी ऐकलंय ते. परीक्षेत नापास झाले, दोन मिनिटं. लग्न उशिरा जमलं, दोन मिनिटं. बस घाटात बंद पडली तरी दोन मिनिटं." तिने पोटावर हात ठेवला. "हिनं तर दोन तासांचं ऐकायचं. जन्मभर. दोन्ही घरांतून. मला आकाशाचं काही नाही हो. या दोघींच्या तोंडाचं आहे. आधी त्यांना कबूल करा. मग कापा."

"अगं, असं कसं बोलतेस!" बोक-हुई म्हणाली.

"हेच. असंच," सो-दाम म्हणाली आणि तिला कळ आली.

डॉ. प्यो उठल्या. गुडघ्याने नेहमीसारखी तक्रार केली, तिची नोंद घेतली गेली नाही. "तुमच्या गुरुजींना फोन लावा," त्या योन-ओकला म्हणाल्या.

योन-ओकने लावला. पलीकडून एका मुलीचा गोड आवाज आला की गुरुजी कार्यक्रमाच्या चित्रीकरणात आहेत आणि भेटीची पुढची वेळ पुढच्या महिन्यातली आहे. "पुढच्या महिन्यात बाळाला घेऊनच या," आवाज म्हणाला.

"आता तुमच्या," डॉ. प्यो बोक-हुईला म्हणाल्या. "आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लावा."

गुक गुरुजींच्या बाजारातल्या खोलीवर 'तत्त्वज्ञान भवन' अशी पाटी होती, सगळ्याच ज्योतिष्यांच्या असते तशी. डॉ. प्यो यांचे यजमान हयात होते तेव्हा कॉलेजात खरंखुरं तत्त्वज्ञान शिकवत. घराच्या पाटीवर तो शब्द वाचून लोक मुलींच्या जन्मवेळा घेऊन यायचे आणि ते बिचारे दारातच त्यांना जर्मन पंडितांची मतं ऐकवायचे. कुणीही दुसऱ्यांदा आलं नव्हतं.

"कोण?" फोनमधून आवाज आला. मागं किटली शिटी घालत होती.

"मी प्यो. रुग्णालयातून."

इतकी वर्षं दोघांनी एकाच धंद्यात काढली होती. गुरुजींनी वेळ काढायची, डॉक्टरबाईंनी बाळ काढायचं. पण बोलणं हे पहिल्यांदाच होत होतं.

"बोला डॉक्टरबाई. सो-दामचं ना? अकरा."

"बाळ अकरापर्यंत थांबेल असं दिसत नाही. आत्ता काढावं लागेल. सो-दामच्या आई ऐकतायत, विहीणबाईही ऐकतायत." डॉ. प्यो यांनी बोक-हुईचा फोन आपल्या हातात घेतला. पुढचं वाक्य यजमानांनी ऐकलं असतं तर दारातच उभं करून ठेवलं असतं. "आत्ताची वेळ कशी आहे?"

"आत्ताची? नागाची घटका लागली की." पानं उलटल्याचा आवाज आला नाही. विचार केल्याचाही आला नाही. "आजचा दिवस पाण्याचा. नाग आगीचा. पाण्याला आग लागली की वाफ होते, आणि वाफेवर गाडी चालते. पोरगी कुणाच्या जिवावर जगायची नाही. घोड्यापेक्षा हे बरं. घोडा कितीही पळाला तरी वर दुसराच कुणीतरी बसलेला असतो."

"मग गुरुजी, आधी घोडा का सांगितलात?" बोक-हुईने विचारलं.

"आधी ती आपणहून येतेय हे कुठं ठाऊक होतं? आपणहून येणारा आपली वेळ घेऊनच येतो, सो-दामच्या आई."

बोक-हुईने मान डोलावली. त्यात न पटण्यासारखं काहीच नव्हतं. कधीच नसायचं.

"पण आमचे गुरुजी अर्धा तास सोडून मोजतात," योन-ओक फोनकडे वाकून म्हणाली.

"मग प्रश्नच मिटला. त्यांच्या हिशेबानं साडेनवापर्यंत ड्रॅगन चालू आहे. ड्रॅगन सोडून नाग मागणारं माणूस मी तरी अजून पाहिलेलं नाही, बाई. तुमच्या गुरुजींनी तो आधी सुचवला नाही याचंच नवल वाटतं."

योन-ओक सरळ बसली. मग तिने विहिणीकडे हळूच नजर टाकली. एकीला नाग, दुसरीला ड्रॅगन. हे जमण्यासारखं होतं. "ड्रॅगनला आमची हरकत नाही," ती म्हणाली. "फक्त साडेनवाच्या आत हं, डॉक्टर. नंतर आमचाही नागच होतो."

"आई?" सो-दामने विचारलं.

"गुरुजी म्हणतायत तर," बोक-हुई म्हणाली.

"मग न्या मला," सो-दाम म्हणाली.

पलंगाची चाकं हलली. बोक-हुईचा फोन डॉ. प्यो यांच्या हातातच राहिला होता. पलंगाबरोबर चालता चालता त्यांनी तो कानाला लावला. त्यांना सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटत होतं ते आपण इतकी वर्षं जी भिंत डोक्याने ढकलली ती नुसता पडदा निघाल्यासारखं.

"गुरुजी, मी दुपारचे दोन म्हटलं असतं तर?"

"बकरीची घटका. गरीब स्वभाव, भरल्या घरात पडते."

"आणि पहाटे तीन?"

"डॉक्टरबाई," गुरुजी म्हणाले. आवाज दमलेला होता, दुकानातला नव्हता. "इतकी वर्षं बसलोय इथं. जिच्यात काहीच चांगलं नाही अशी एकही घटका मला अजून सापडलेली नाही. मला वाटलं, हे तुम्हाला केव्हाच कळलं असेल." किटलीची शिटी थांबली. "आता बोलत काय बसलात? कापा."

त्यांनी कापलं.

आत सगळं नेहमीसारखं झालं आणि मग नेहमीसारखं झालं नाही. बाळ पाय पुढं करून आलं, निळसर, आणि ओल्या फडक्यासारखं हातावर पडलं. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे होते. बांग सिस्टरने बाळ उचलून बाजूच्या टेबलावर नेलं. लहान मुलांचे डॉक्टर, जे एरवी खालच्या मजल्यावर म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजत, ते त्यावर ओणवले. भुलीचे डॉक्टरही उठून तिकडे झुकले. डॉ. प्यो यांचे हात इकडे टाके घालत होते, कान तिकडे होते. पाठ चोळल्याचा आवाज. फुग्यातून हवा दाबल्याचा आवाज. पुन्हा चोळल्याचा. भिंतीवर घड्याळ होतं. खोलीत उभ्या असलेल्या प्रत्येकाची पाठ त्याच्याकडे होती.

"का रडत नाहीये?" पडद्यापलीकडून सो-दामने विचारलं; भूल फक्त कमरेखाली होती.

"रडेल," डॉ. प्यो म्हणाल्या. 'कदाचित' हा शब्द त्यांनी गिळला. आयुष्यात पहिल्यांदाच गिळला असेल.

मग एक चिरका, बारीक, रागावलेला आवाज आला, दाराच्या बिजागरीसारखा. बांग सिस्टर खाली बसली. तिला बसायला सांगितलेलं नव्हतं.

डॉ. प्यो बाहेर आल्या तेव्हा दोघी विहिणी दाराला नाक लावून उभ्या होत्या.

"मुलगी बरी आहे. सो-दामही बरी आहे. बाळाने जरा घाबरवलं, पण रडली."

बोक-हुईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. योन-ओकने तिच्या पाठीवर हात ठेवला. असं पाऊण एक मिनिट गेलं असेल. मग योन-ओकने विचारलं, "किती वाजता?"

डॉ. प्यो यांनी तोंड उघडलं आणि मागं वळून उघड्या दारातून बांग सिस्टरकडे पाहिलं. बांग सिस्टरने लहान मुलांच्या डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी भुलीच्या डॉक्टरांकडे पाहिलं. भुलीचे डॉक्टर बुटांकडे बघू लागले.

"साडेनवाच्या सुमारास," डॉ. प्यो म्हणाल्या.

"सुमारास म्हणजे? आत की नंतर?"

"बाळ रडत नव्हतं. घड्याळाकडे कुणीच पाहिलं नाही."

दोघींनी हे वाक्य ऐकलं. डॉ. प्यो यांनी भिंतीला पाठ टेकली. आता येईल ते येऊ दे, असं त्यांना वाटलं. तीस वर्षं दोन मिनिटांचं ऐकलं, आता निवृत्तीनंतरही या वेळेचं ऐकू. बाजारात लोणचं घेताना ऐकू. सो-दामने ज्यासाठी जीव टांगणीला लावला होता, ते आपल्या पाठमोऱ्या गर्दीने एका क्षणात घालवलं, आणि तिला हे आपल्यालाच सांगायला जायचंय.

"कुणीच नाही?" बोक-हुईने विचारलं.

"कुणीच नाही."

"म्हणजे अलीकडेही असू शकेल आणि पलीकडेही."

"असू शकेल."

बोक-हुईने विहिणीचा हात धरला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत चाललं होतं, आणि ते काय आहे हे डॉ. प्यो यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. "अहो विहीणबाई, मग वेळ आपणच ठरवू."

"ठरवायची म्हणजे?"

"कुणाला ठाऊकच नाही तर चुकीची कशी असेल? गुक गुरुजींपुढं दोन्ही वेळा ठेवू. जी सरस निघेल ती आपली."

"देगूलाही विचारू," योन-ओक म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "दोघांनाही विचारू. काय नशीब घेऊन आलीय पोर! आयुष्यात कुणाला निवड मिळते का हो?"

"मुलगी बघायची नाही का?" डॉ. प्यो यांनी विचारलं.

"बघतो ना. आता झोपली असेल. एवढ्यात जाऊन येतो, बाजार इथंच तर आहे." आणि दोन्ही थर्मास बांग सिस्टरच्या हातात देऊन, कुणाचं सार आधी याचा विषयही न काढता, दोघी हातात हात घालून जिना उतरून गेल्या.

डॉ. प्यो यांनी दोन्ही थर्मास बांग सिस्टरकडून घेतले. मग सो-दामच्या खोलीत गेल्या. मुलगी आईच्या छातीशी होती, गुलाबी, सुरकुतलेली, निजलेली. सो-दाम जागी होती.

"गेल्या दोघी?" तिने विचारलं. "आवाज बंद झाला."

"बाजारात गेल्या. जन्मवेळ निवडायला." डॉ. प्यो यांनी खुर्ची ओढली आणि दिवसात पहिल्यांदा बसल्या. "आम्ही कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही, सो-दाम. अलीकडे होतं की पलीकडे, कुणालाच माहीत नाही. मला वाटलं होतं तुझी आई माझा गळा धरेल. ती तर खूश झाली."

सो-दाम हसू लागली आणि टाके ओढले तशी थांबली. "मग आता हिला कुणी काही बोलणार नाही?"

"बोलायला वेळच नाही त्यांच्याकडे. बांगने नोंदीत साडेनऊ लिहून ठेवलंय. चालेल ना?"

"चालेल की," सो-दाम म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.

डॉ. प्यो यांनी तिच्याकडे पाहिलं. मग शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती कशी निजली होती ते आठवलं. पडदा छातीशी, डोकं वर, आणि पडद्यावरून डोळ्यांसमोर पूर्ण भिंत.

"तुला दिसत होतं घड्याळ."

"बरोबर समोर होतं. दुसरं काय बघणार होते मी?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही." सो-दामने मुलीच्या डोक्यावरचं फडकं सारखं केलं. "तुम्हीसुद्धा नाही."

डॉ. प्यो खुर्चीतच पुढं वाकल्या. त्यांनी मुलीचा पाय हातात घेऊन रंग पाहिला. चांगला होता. सार गरम आहे तोवर घे, असं सो-दामला सांगितलं, कुठलं आधी ते सांगितलं नाही. उठल्या, दारापर्यंत गेल्या. दाराला हात लावला. बाहेर बांग सिस्टर जे-मूनला फोनवर सांगत होती की काही काळजी करू नका, गाडी सावकाश चालवा.

डॉ. प्यो यांनी पाठीमागं दार पुन्हा लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "पण कुठल्या बाजूला होतं? अलीकडे की पलीकडे?"

सो-दामचे डोळे मिटलेले होते. श्वास अगदी संथ चालला होता, झोपलेल्या माणसाच्या श्वासाहूनही जरा जास्तच संथ.

आपणही तेच विचारून बसलो, हे डॉ. प्यो यांच्या लक्षात आलं. त्या कानांपर्यंत लाल होऊन बाहेर पडल्या.